फवारणीचे औषध आणि घरातला पुरुष

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, आणि आजचा विषय तर असा की घरातसुद्धा दार लोटून बोलावा. पण आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी द्राक्षबाग आहे, म्हणून बोलते.

माझ्या धाकट्या जावेला सहा वर्षे मूल नव्हते. सगळे उपाय तिच्यावरच झाले. नवस झाले, उपास झाले, नळ्यांचा फोटो झाला. ओटी भरताना तिला वगळणाऱ्यांत मीही होते, हे इथे कबूल करते. शेवटी नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारले, "यजमानांची तपासणी केली का?" भाऊजींनी महिनाभर आढेवेढे घेतले. तपासणीत पुरुषबीजांची संख्या फारच कमी निघाली.

बाईंनी मग कामधंदा विचारला. भुरीसाठी कार्बेन्डाझिम, केवड्यासाठी मॅन्कोझेब. आणि भाऊजी ते उघड्या हातांनी कालवणार, गळका पंप पाठीवर घेणार, कंबरेपर्यंत भिजणार. बाई म्हणाल्या, "याच्यामुळेच झाले असे छातीठोक सांगता येत नाही. तंबाखू, जुने आजार, पुष्कळ कारणे असतात. पण हे औषध निरुपद्रवी नाही."

त्यांनी समजावले ते असे. बुरशीची एक पेशी दुभंगून दोन होतात, तशी ती वाढते. कार्बेन्डाझिम ते दुभंगणेच अडवते. पुरुषबीजही पेशी दुभंगूनच तयार होते. उंदरांना मोठ्या मात्रेत हे औषध दिले तेव्हा त्यांचे बीज घटले. युरोपच्या कायद्याने त्याला प्रजननास घातक अशा वर्गात घातले आहे, आणि मॅन्कोझेबला तिथे २०२० साली पुढची मंजुरी नाकारली. आपली द्राक्षे परदेशी जाताना त्यांत औषधाचा अंश किती, ते तपासतात. फवारणाऱ्याच्या अंगात किती गेले, ते कोण पाहतो?

चक्कर आली, उलटी झाली तर आपण धावतो. हे मात्र दिसत नाही. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे डीबीसीपी नावाचे औषध बनवणारे कामगार बोलता बोलता एकमेकांना म्हणाले, आपल्यात कुणालाच मूल कसे होत नाही? तपासले तर कित्येकांत बीजच नव्हते. ते औषध बुरशीचे नव्हे, मुळांतल्या सूत्रकृमींचे होते. पण बोलले म्हणून कळले. १९७९ साली तिथे त्याचा बहुतेक वापर बंद झाला.

पुरुषबीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून बाईंनी भाऊजींना तीन महिने फवाऱ्यापासून दूर राहायला सांगितले. आता पंप गड्याच्या पाठीवर गेला आहे, आणि मला ते टोचते. त्याचेही लग्न गेल्याच वर्षी झाले. त्याला रबरी हातमोजे व अंगभर कपडे आणले, पंपाची गळती दुरुस्त करून घेतली. फवारणीचे कपडे मी आता वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुते. पूर्वी मुलांच्या कपड्यांतच टाकत असे.

भाऊजींची दुसरी तपासणी पुढच्या महिन्यात आहे. जाऊ आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे. तिला आणि भाऊजींना विचारूनच मी हे बोलले.