पंडितांच्या घरची सून

२०१९च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते आणि मग ते निमंत्रण मागे घेतले गेले. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाईंचा मराठीशी काय संबंध, असा सवाल तेव्हा झाला. संबंध होता, तो वडिलांकडून. बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित यांचे घराणे मूळचे कोकणातले, राजकोटला स्थायिक झालेले. १९२१ साली मोतीलाल नेहरूंची थोरली लेक स्वरूप रणजित यांच्याशी लग्न करून या घरात सून होऊन आली आणि मराठी रिवाजाप्रमाणे तिचे नाव बदलले. विजयालक्ष्मी. जगाने पुढे हे सासरचेच नाव लक्षात ठेवले.

रणजित पंडित संस्कृतचे व्यासंगी. कल्हणाच्या राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तुरुंगात केले. तुरुंगातच प्रकृती खालावली आणि सुटकेनंतर जानेवारी १९४४मध्ये ते लखनौला वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. पदरात तीन मुली, मुलगा नाही. सासरच्या मिळकतीवरून तंटा उभा राहिला. १९३७ साली संयुक्त प्रांतात मंत्री झालेली ही बाई, पण नवऱ्यामागे हाती काही नाही!

त्या अमेरिकेला गेल्या. १९४५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. ब्रिटिश सरकारने नेमलेले हिंदी शिष्टमंडळ आत बसले होते आणि या बाहेर सभा घेऊन सांगत होत्या, की ही मंडळी हिंदुस्थानच्या वतीने बोलू शकत नाहीत.

पुढच्याच वर्षी त्या आत आल्या, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील हिंदी शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून. सोबत मुंबईचे एम. सी. छगला होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा ठराव होता. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. हा आमचा घरचा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे. ठरावाला दोन तृतीयांश मते लागणार होती. ८ डिसेंबर १९४६ रोजी मते पडली ३२ विरुद्ध १५. त्या बत्तिसांतल्या एकाने जरी उलटे मत दिले असते, तरी ठराव पडला असता. निघताना गांधीजींनी बजावले होते, की स्मट्सशी कटुता नको. म्हणून मतदानानंतर विजयालक्ष्मी स्मट्सकडे गेल्या आणि काही अधिकउणे बोलले गेले असल्यास क्षमा मागितली. तुमची ही जीत पोकळ आहे, असे ते म्हणाले. १९४८ची निवडणूक ते हरले.

सगळेच साधले असे नाही. १९४७ ते १९४९ त्या मॉस्कोत राजदूत होत्या, पण स्टालिनने एकदाही भेट दिली नाही. त्यांच्या जागी गेलेल्या राधाकृष्णन यांना मात्र ती मिळाली. नंतर वॉशिंग्टन. १९५३मध्ये आमसभेच्या अध्यक्ष, त्या खुर्चीवर बसलेली पहिली स्त्री. मग लंडनला उच्चायुक्त, तेही आपल्या मुंबईचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या जागी.

पंतप्रधान नेहरूंची बहीण म्हणून पदे मिळाली, असे लोक म्हणत. त्यात तथ्य आहेच. पण सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या तेव्हा भाऊ तुरुंगात होता. खरी खंत वेगळी आहे. विजयालक्ष्मींसाठी उघडलेले दार इतर बायकांसाठी उघडले नाही. परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा यांना, लग्न केल्यास राजीनामा देऊ, असे लिहून द्यावे लागले. बढतीतल्या अन्यायाविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल लागला १९७९मध्ये.

नोव्हेंबर १९६२मध्ये विजयालक्ष्मी महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. चीनचे युद्ध नुकतेच थांबलेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले आणि मुख्यमंत्रिपदी चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार. वर्षभरात कन्नमवार गेले. ५ डिसेंबर १९६३ रोजी पुसदच्या वसंतराव नाईकांनी शपथ घेतली, ती याच राज्यपालांच्या कारकिर्दीत. नाईक त्या पदावर अकरा वर्षे राहिले. राज्यपालबाई मात्र त्या शपथविधीनंतर वर्षाच्या आत राजभवन सोडून निघाल्या आणि नेहरूंच्या निधनाने रिकाम्या झालेल्या फूलपूरमधून लोकसभेवर निवडून गेल्या.