स्वागतगीत भगिनींचे, भाषण आमचे!
(८ मार्च, आंतरराष्ट्रीय महिला दिनानिमित्त शाखेच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेची सुरुवात नेहमीच्या स्वागतगीताने न होता एका परदेशी गाण्याने झाली. गाणे इंग्रजीत असल्यामुळे अनेकांना शब्द कळले नसतील. म्हणून आम्ही आधी त्याची हकीकत सांगतो आणि मग आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो.

गाण्याचे नाव 'वन वुमन', म्हणजे 'एक स्त्री'. स्त्रियांच्या प्रश्नांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने 'यूएन विमेन' ही संस्था काढली. तिच्यासाठी हे गाणे तयार झाले आणि ८ मार्च २०१३ रोजी प्रसिद्ध झाले. शब्द अमेरिकेच्या बेथ ब्लॅट यांचे. चाल बांधली ब्रिटनचे ग्रॅहॅम लायल आणि मूळचे सोमाली असलेले गायक फहान हसन यांनी. २० देशांतील २५ कलावंतांनी त्यात भाग घेतला. बेनिनच्या अँजेलिक किजो, मालीच्या रोकिया त्राओरे, हैतीच्या एमेलिन मिशेल, मलेशियाच्या युना, आणि आपल्या भारतातून सतारवादक अनुष्का शंकर. त्या आधीच्याच महिन्यात अनुष्काताईंनी लहानपणी आपल्यावर झालेल्या अत्याचाराविषयी जाहीरपणे सांगितले होते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेने सारा देश हादरलेला असताना हे बोलायला धैर्य लागते. ते धैर्य त्या सतारीच्या मागे आहे, हे लक्षात ठेवा.

या गाण्यात गावांची नावे येतात: किगाली, हनोई, लाहोर, कंपाला. आर.एम.एस.मधल्या आमच्या बांधवांना तर टपालाच्या थैल्या वेगळ्या करतोय असेच वाटावे! या सर्व गावांतली स्त्री एकच आहे, एकीचे दुःख ते सगळ्यांचे दुःख आणि एकीचे बळ ते सगळ्यांचे बळ, असा गाण्याचा मथितार्थ आहे. बंधूंनो, हे तर संघटनेचेच तत्त्व झाले. आपण ते वर्षानुवर्षे फलकावर लिहीत आलो आहोत.

आता कोणी विचारील, गाण्याने काय होते? पगार वाढतो का? प्रश्न रास्त आहे. नुसत्या गाण्याने काहीच होत नाही. पण गाणे आणि संघटना एकत्र आली की काय होते, याचा दाखला कामगार चळवळीच्या इतिहासातच आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स नावाचे गिरणगाव आहे. १९१२ च्या जानेवारीत तिथे कायद्याने स्त्रिया व मुलांच्या कामाचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ झाले आणि मालकांनी लगेच दोन तासांचा पगार कापला. पाकिटात पैसे कमी दिसताच स्त्रिया मागांवरून उठल्या. बघता बघता वीस हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. इटालियन, पोलिश, लिथुएनियन, सीरियन अशा अनेक देशांतून आलेली ही माणसे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. मग त्यांनी काय केले? प्रत्येक समाजाचे प्रतिनिधी संप समितीवर घेतले, सभेतील भाषणांची भाषांतरे केली आणि मोर्चात सगळे मिळून गायले. कडाक्याच्या थंडीत सुमारे दोन महिने संप टिकला आणि पगारवाढ घेऊनच मिटला. 'ब्रेड अँड रोझेस' म्हणजे 'भाकरी आणि गुलाब' हे प्रसिद्ध गीत याच संपाशी जोडले जाते. खरे तर ती कविता संपाच्या आधी, डिसेंबर १९११ मध्येच छापून आली होती. पण भाकरीही हवी आणि मानही हवा ही तिची मागणी लॉरेन्सच्या स्त्रियांना इतकी शोभली की लोकांनी दोन्ही एकत्रच लक्षात ठेवले.

तिथल्या स्त्रिया गायल्या आणि निर्णयही करायला बसल्या. इथे आम्हांला आमच्या घरची गोष्ट सांगायची आहे, आणि ती थोडी कडू आहे.

आपल्या सभांत आजवर काय घडत आले? स्वागतगीत भगिनींनी म्हणायचे, हारतुरे भगिनींनी आणून द्यायचे आणि त्यानंतर दोन तास आम्ही पुरुषांनी बोलायचे. 'वन वुमन'मध्ये मालीचे बासेकू कुयाते, आयर्लंडचे ब्रायन फिनेगन असे नामवंत पुरुषही आहेत. पण गाण्यात पुढे आवाज स्त्रियांचा आहे आणि पुरुष साथीला आहेत. आपल्याकडे नेमके उलट. गाणे तेवढे त्यांचे, निर्णय मात्र आपला!

याचा परिणाम काय होतो ते ऐका. एका कार्यालयातील आमच्या भगिनीला वरिष्ठाच्या वागण्याबद्दल तक्रार करायची होती. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार तीन महिन्यांत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. त्या कार्यालयात समिती कागदावर होती, पण तिच्यावर कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हते. भगिनी शाखेकडे आली. शाखेच्या कार्यकारिणीत एकही स्त्री नव्हती. ती दारातून आत डोकावली, आम्हां सगळ्या पुरुषांना पाहिले आणि 'रजेचा अर्ज विचारायचा होता' असे सांगून परत गेली. खरी गोष्ट आम्हांला कळली तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. दोष प्रशासनाचा आहेच. पण ते दार आपले होते, हे आम्ही कबूल करतो.

साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूर–मुंबई वंदे भारत गाडी चालवली. शेकडो प्रवाशांचे प्राण स्त्रीच्या हाती सोपवता येतात, मग शाखेचे चिटणीसपद का सोपवता येत नाही?

म्हणून या सभेपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, प्रत्येक कार्यालय, स्टेशन व शेडमधील अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लागली आहेत का, हे महिन्याभरात तपासावे. नसतील तर लेखी मागणी करावी. दुसरी, येत्या निवडणुकीत कार्यकारिणीवर भगिनी निवडून याव्यात, आणि त्याही नुसत्या सदस्य म्हणून नव्हे, पदाधिकारी म्हणून. तिसरी, सभेची वेळ अशी ठेवावी की भगिनींना शेवटपर्यंत बसता येईल. रात्री नऊला ठराव मांडायचे आणि भगिनी हजर नसतात म्हणायचे, हे आता पुरे.

आणि हो, पुढच्या सभेचे स्वागतगीत आम्ही पुरुष म्हणू. सूर लागेलच याची हमी देत नाही. पण अध्यक्षीय भाषण भगिनीचे असेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!