सरपंचपदाची बोली



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्यावर बोलणारी ही कोण, असे कुणाला वाटेल. पण हा कायदा आपल्या उंबरठ्याशी येतो, म्हणून चार शब्द बोलते.

२०२१ च्या जानेवारीत राज्यात १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. तेव्हा नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपद चक्क लिलावात निघाले. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली, खोंडामळीत ४२ लाखांवर. पैसा देवळासाठी! देवाचे नाव पुढे केल्यावर बोलणार कोण?

बोलले ते राज्य निवडणूक आयुक्त. तेव्हा त्या पदावर यू. पी. एस. मदान होते. त्यांनी जिल्हाधिकारी, तहसीलदार यांचे अहवाल मागविले, चित्रफिती तपासल्या आणि मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

लोकसभा-विधानसभेचा आयोग दिल्लीचा. हा आपल्या राज्याचा, पंचायती व नगरपालिकांसाठीचा, १९९४ साली स्थापन झालेला. आयुक्तांना राज्यपाल नेमतात. पण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने दूर करता येते, त्या रीतीवाचून त्यांना दूर करता येत नाही. मंत्री रागावले म्हणून दुसऱ्या दिवशी उचलबांगडी नाही. (शाळेच्या मास्तरांना हे भाग्य कुठले!) २००९ ते २०१४ या काळात नीला सत्यनारायण या पदावर होत्या, राज्याच्या पहिल्या स्त्री आयुक्त.

कुणी म्हणतात, लिलावाने तंटा टळतो, देऊळ उभे राहते, वाईट काय? मी विचारते, असल्या बैठकीला आपल्याला बोलावतो कोण? पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या. पण लाखांची बोली बोलायला कोणत्या बाईच्या पदराला पैसा आहे? निंदणाला जाणाऱ्या बाईजवळ एक मत आहे, आणि ते मालगुजाराच्या मताएवढेच भरते. बोली लागली की तेही गेले. गाव एकदिलाने कुणाला बिनविरोध निवडील तर आनंदच आहे. मात्र अर्ज भरू पाहणाऱ्याला कुणी अडवू नये.

आता, आयुक्त बसतात मुंबईत. पारावर काय ठरले ते त्यांना स्वप्नात दिसत नाही. त्या दोन गावांची गोष्टही चित्रफीत बाहेर पडली तेव्हाच उघड झाली. आपल्याकडे असे काही शिजू लागले, तर देवळीला तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा. सही येत नसेल त्या बहिणीने अंगठा उठवावा. अर्ज लिहून द्यायला मी दुपारी घरीच असते.