आडबाजूचें बंदर आणि संगणकाची सुरक्षितता

खारेपाटण हें सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील गांव. मुंबई-गोवा महामार्गानें जाणारा प्रवासी तेथील पूल ओलांडून पुढें निघून जातो. येथें एके काळीं मोठें बंदर होतें, हें त्याच्या ध्यानींमनींही येत नाहीं. विजयदुर्गच्या खाडीच्या मुखापासून जलमार्गानें सुमारे 40 किलोमीटर आंत वसलेलें हें ठिकाण समुद्रावरून दृष्टीस पडत नाहीं. शिलाहार राजा रट्टराज याचा शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008 चा, ताम्रपट याच गांवीं सांपडला, आणि परदेशांतून येणाऱ्या जहाजांकडून घ्यावयाच्या सुवर्णाचा त्यांत उल्लेख आहे. जें शत्रूच्या नजरेआड तें सुरक्षित, असें त्या काळच्या व्यापाऱ्यास वाटलें असेल तर नवल नाहीं.

आज हाच विचार संगणकाच्या बाबतींत वारंवार ऐकूं येतो. संगणकाच्या सर्व अवयवांवर हुकमत चालविणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. टेबलावरील संगणकांपैकीं दहांतील सुमारे सात विंडोज या प्रणालीवर चालतात. उरलेल्यांत मॅक, लिनक्स इत्यादि प्रणाली आहेत. या अल्पप्रचारांतील प्रणाली वापरणारे गृहस्थ निश्चिंतपणें म्हणतात, ‘हॅकर आमच्या वाटेस जात नाहींत.’ या म्हणण्यांत तथ्य किती?

त्यांत तथ्य आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. जाळें टाकून बसणारा कोळी जेथें मासळी अधिक तेथेंच जाळें टाकतो. घातक आज्ञावली लिहिणारासही श्रमाचें फळ हवें असतें. म्हणून तो बहुजनांची प्रणाली निवडतो. 27 जून 2017 रोजीं नॉटपेट्या नांवाच्या आज्ञावलीनें जगभर अनर्थ केला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक बंद पडले, आणि त्याच समूहाकडून चालविलें जाणारें, मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक टर्मिनलही ठप्प झालें. ही आज्ञावली विंडोजसाठीं रचलेली होती. त्या दिवशीं ज्याच्या टेबलावर निराळी प्रणाली होती, तो या जाळ्यांतून सुटला. हा लाभ काल्पनिक नव्हे.

परंतु सगळेच शत्रू जाळें टाकणारे नसतात. कांहीं भाला घेऊन येतात, आणि त्यांचें लक्ष्य आधींच ठरलेलें असतें. येथें विजयदुर्गाचाच इतिहास बोलका आहे. हा किल्ला अजिंक्य मानला जाई. 1755 च्या अखेरीस इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स पाहणीसाठीं आला, पाण्याची खोली मोजून गेला, आणि मोठीं जहाजें तटाजवळ आणतां येतील असें त्यानें कळविलें. फेब्रुवारी 1756 मध्यें तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें आणि किल्ला पडला. ज्याला यावयाचेंच असतें, तो खोली मोजून येतो.

संगणकाच्या जगांत असेंच घडलें आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या संस्थेनें लिनक्सच्या आधारें ‘बॉस’ नांवाची भारतीय प्रणाली तयार केली. घरोघरीं ती कोणाच्या ऐकिवांतही नसेल. परंतु सरकारी कचेऱ्यांत तिचा वापर होतो. तेवढें कारण पुरें झालें. भारतीय सरकारी कार्यालयांवर पाळत ठेवणाऱ्या ‘ट्रान्स्परंट ट्राइब’ या टोळीनें लिनक्स वापरणाऱ्या या कचेऱ्यांसाठीं मुद्दाम सांपळा रचल्याचें सुरक्षा तज्ज्ञांनीं 2023 मध्यें व पुन्हां 2025 मध्यें दाखवून दिलें. टपालानें आलेली फाइल सभेच्या सूचनेसारखी दिसे. ती उघडतांच पडद्यावर साधें पत्र येई, आणि मागें हेरगिरीची आज्ञावली उतरून घेतली जाई.

बँकांचेंही तसेंच. आयबीएमची ‘एआयएक्स’ ही प्रणाली घरगुती संगणकावर कोणीं पाहिलेली नसते. तरीही तिच्यावर चालणाऱ्या बँक-यंत्रांत शिरून एटीएममधून पैसे देण्यास खोटी संमति देणारी आज्ञावली उत्तर कोरियाच्या हॅकरांनीं रचली होती, असें अमेरिकन सरकारनें ऑक्टोबर 2018 मध्यें जाहीर केलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेंतून सुमारे 94 कोटी रुपये गेले; बनावट यंत्रणेकडून संमति मिळवून चोरट्यांनीं 28 देशांतून पैसे काढले. अशा चोरांचा पहिला प्रश्न ‘ही प्रणाली किती लोक वापरतात?’ हा नसतो. ‘पैसा कोठें आहे?’ हा असतो.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रणाली निराळी असली तरी तिच्यावरील कित्येक आज्ञावली सर्वांच्या सामाईक असतात. 2012 मध्यें सहा लाखांहून अधिक मॅक संगणकांना ‘फ्लॅशबॅक’ची बाधा झाली, ती जावा या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींतील छिद्रांतून. शिवाय आडबाजूला राहण्याची किंमतही असते. खारेपाटणची खाडी गाळानें भरली आणि बंदर मागें पडलें. गाळानें बुजलेल्या बंदरांत शत्रूचें जहाज शिरत नाहीं हें खरें, पण मित्राचेंही शिरत नाहीं. थोडे लोक वापरतात, तेथें दोष शोधून दुरुस्त करणारे हातही थोडे असतात. आणि हात पुष्कळ असले, तरी नजर त्या कोपऱ्याकडे वळावी लागते. लिनक्स व मॅक या दोहोंत असलेल्या ‘बॅश’ या आज्ञावलींतील एक गंभीर दोष 2014 मध्यें उघडकीस आला. तो 1989 पासून तेथें पडून होता.

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. मुंबईस नोकरी करणारा मुलगा सुटींत खारेपाटणास येतो, वडिलांच्या संगणकावर लिनक्स बसवून देतो, आणि ‘आतां काळजी नको’ असें सांगून परत जातो. आठवड्यानें वडिलांना बँकेच्या नांवानें दूरध्वनि येतो; गोड बोलणारा माणूस सहा आंकडे विचारतो, वडील ते सांगतात, आणि निवृत्तिवेतनाची शिल्लक जाते. संगणकाला ओरखडाही उमटलेला नसतो. मुलानें बसविलेली प्रणाली वाईट नव्हती; तिच्याबरोबर दिलेली निश्चिंति मात्र वाईट होती.

तेव्हां निर्णय असा कीं, अल्पप्रचारांतील प्रणाली सर्वांवर टाकलेल्या जाळ्यापासून बरेंच रक्षण करते. नेम धरून फेकलेल्या भाल्यापासून करीत नाहीं. आणि भोळेपणापासून तर मुळींच नाहीं. खरें रक्षण साध्या नियमांत आहे. दुरुस्त्या येतील तशा बसवाव्या. मे 2017 मधील वॉनाक्राय या आज्ञावलीनें ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील दुरुस्ती मार्च महिन्यांतच प्रसिद्ध झाली होती; ती बसविणारे विंडोजवाले वांचले. महत्त्वाच्या कागदांची व छायाचित्रांची दुसरी प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी. अनोळखी फाइल उघडूं नये, आणि गुप्त आंकडे कोणालाही सांगूं नयेत.

खाडीच्या आंतील बंदरास आडोसा होता, पण त्या आडोशावर कोणी विसंबून राहिलें नाहीं. मुखाशीं विजयदुर्ग बांधला गेला. तोही जेव्हां पडला, तेव्हां खोली मोजणारा शत्रू येऊन गेल्यावर पडला. आडोसा मिळाला तर घ्यावा. पण पहारा सोडूं नये.