किल्ली कुणाच्या हातात?

(करकंब, ता. पंढरपूर येथे बचत गटांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

तुमच्या गटाच्या हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी मला विषय कळवला, 'घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कोणता घ्यावा?' खरं सांगते, वाचून मला हसू आलं. आपण मारहाणीवर बोलतो, हुंड्यावर बोलतो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर बोलतो. अँटिव्हायरसचं काय, ते दुकानदार सांगेल की! मग माझं मलाच वाटलं, दुकानदार सांगणार, तो घरातल्या पुरुषाला सांगणार आणि बाईच्या कामाच्या वस्तूचा निर्णय परस्पर होणार. ही तर आपली जुनीच गोष्ट झाली. म्हणून आले.

सुरुवातीला मी तुम्हाला हात वर करायला सांगितलं. घरात कॉम्प्युटर कुणाकडे आहे? नऊ हात. त्यावर स्वतः काम कोण करतं, गटाचा हिशेब, शिवणाच्या ऑर्डरी, मुलांचे फॉर्म? सात हात. आणि त्याचा मुख्य पासवर्ड कुणाला ठाऊक आहे? दोन हात वर आले, त्यातलाही एक थोड्या वेळाने खाली गेला. सात जणी काम करतात आणि किल्ली एकीकडे. आजचं माझं बोलणं एवढ्या फरकाबद्दल आहे.

आधी व्हायरस म्हणजे काय ते थोडक्यात. तो रोगजंतू नव्हे. माणसाने लिहिलेला, आपल्या नकळत कॉम्प्युटरात शिरून काम करणारा तो एक प्रोग्रॅम असतो. १९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत जगभर गेला. पुढे 'मायकेलअँजेलो' आला. तो ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कवरची माहिती पुसायचा. १९९२ साली त्याची फार धास्ती होती. आज फ्लॉपी गेली, पण झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह, ई-मेलला जोडलेली फाइल, फुकट मिळणारा 'क्रॅक' केलेला प्रोग्रॅम, या वाटा आहेतच.

अँटिव्हायरस काय करतो? त्याच्याकडे ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी असते. येणारी फाइल तो त्या यादीशी ताडून बघतो. शिवाय एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागायला लागला, म्हणजे भराभर सगळ्या फायली बदलायला लागला, तर त्याला अडवतो. यादी रोज नवी व्हावी लागते, म्हणून अपडेट लागतं. अपडेट न होणारा अँटिव्हायरस म्हणजे झोपलेला राखणदार.

हे काम आपल्या मुलखातही झालेलं आहे. कैलास काटकर हे शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी केली, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडायचे. कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ संजय त्यांच्यावर उपाय लिहायला लागला, आणि त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' आलं. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात गेली. 'नेट प्रोटेक्टर' हेही पुण्याचंच. म्हणून हेच घ्या, असं सांगायला मी आलेली नाही. एवढंच सांगायचं आहे, की हे ज्ञान आभाळातून पडलेलं नाही. दुरुस्तीच्या टेबलावर बसून ते शिकता आलं, तसं आपल्यालाही येईल.

आता एक हकीगत सांगते. नाव-गाव सांगणार नाही.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई यायची. घरी कॉम्प्युटर होता. गटाचे हिशेब आणि शिवणाच्या ऑर्डरी ती त्यावर लिहायची. नवऱ्याचा त्रास होता. एका रात्री तिने आम्हाला ई-मेल लिहिलं, सगळं मोकळेपणाने. दुसऱ्या दिवशी जेवताना नवऱ्याने त्यातली वाक्यं तिला जशीच्या तशी म्हणून दाखवली. ती घाबरून आली. म्हणाली, "ताई, कॉम्प्युटरात अँटिव्हायरस हाय की! हिरवी खूण दिसती, 'सगळं सुरक्षित' म्हणून लिवलंय. मग ह्येला कळलं कसं?"

आमच्यातल्या एका जाणकार मुलीने बघितलं. दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवणारा एक प्रोग्रॅम त्यात बसवलेला होता. आणि अँटिव्हायरसमध्ये 'यांना तपासू नको' अशी जी यादी असते, त्यात त्या प्रोग्रॅमचं नाव घातलेलं होतं. ते कुणी घातलं? ज्याच्याकडे मुख्य पासवर्ड होता त्याने. अँटिव्हायरस बिघडलेला नव्हता. तो मालकाचा हुकूम पाळत होता. फक्त मालक ती नव्हती.

यापुढची चूक माझी आहे. मी तिला म्हटलं, "काढून टाक ते." तिने त्याच रात्री काढलं. नोंदी येणं बंद झालं, हे सकाळी त्याच्या लक्षात आलं. दुपारी ती दोन मुलांना घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या दारात उभी होती. हाताला प्लास्टर घालावं लागलं. पुढे ती सावरली, आज स्वतःच्या पायावर उभी आहे. पण तो हात माझ्या घाईने मोडला, हे मी विसरलेली नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम सांगते आहे. पाळत सापडली, तर लगेच काढायची नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोलायचं, जायची जागा, कागदपत्रं, पैसे यांची सोय बघायची, जमेल तसा स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोनवर घेऊन पुरावा ठेवायचा. मग काय ते ठरवायचं.

हा प्रश्न एकट्या आपल्या गावांतला नाही. अमेरिकेत इव्हा गॅल्पेरिन नावाची बाई, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेत काम करते. तिने अँटिव्हायरस कंपन्यांना जाहीरपणे सुनावलं. नवऱ्याने किंवा मित्राने बाईच्या फोनमध्ये चोरून बसवलेल्या प्रोग्रॅमला तुम्ही धोका का म्हणत नाही? तोवर कंपन्या त्याला 'हा व्हायरस नव्हे' अशा सौम्य खात्यात टाकायच्या. कारण तो विकत घेतलेला असतो आणि घरातल्याच माणसाने बसवलेला असतो. घरातल्या माणसाने केलं म्हणजे गुन्हा नाही, हा युक्तिवाद आपण मारहाणीच्या बाबतीत किती वर्षं ऐकला! एप्रिल २०१९ मध्ये कॅस्परस्की कंपनीने स्पष्ट इशारा दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काही अँटिव्हायरस कंपन्या आणि घरगुती हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्था यांची या प्रश्नावर आघाडी उभी राहिली. बायकांनी प्रश्न विचारला, म्हणून व्हायरसची व्याख्या बदलली.

आता निवड कशी करायची ते सांगते.

पहिली गोष्ट, घरात काय आहे ते बघा. विंडोज १० किंवा ११ असेल तर त्यात 'डिफेंडर' नावाचा अँटिव्हायरस आधीपासून असतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. अपडेट नीट चालू असतील, तर साध्या घरगुती कामाला तो पुष्कळदा पुरतो. मात्र विंडोज १० ला नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर जुना असेल तर पैसे अँटिव्हायरसवर घालण्याआधी हे विचारा. घराची भिंत पडकी ठेवून दाराला महाग कुलूप लावण्यात अर्थ नाही. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या व्हायरसने जगभरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले.

दुसरी गोष्ट, विकत घ्यायचा असेल तर दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. जर्मनीतली 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातली 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज' या संस्था अँटिव्हायरसची परीक्षा घेऊन निकाल सगळ्यांना बघायला ठेवतात. तीन गोष्टी बघायच्या. किती व्हायरस पकडले, कॉम्प्युटर किती मंदावला, आणि चांगल्या फाइलला चोर किती वेळा म्हटलं. पहिल्या वर्षीची सवलतीची किंमत आणि दुसऱ्या वर्षीची किंमत, दोन्ही विचारा. एका वेळी एकच ठेवा. दोन राखणदार एकमेकांनाच धरतात. मुदत संपलेला असेल तर काढून टाका.

तिसरी गोष्ट, फुकटाचा हिशेब विचारा. 'अव्हास्ट' हा जगात पुष्कळांनी फुकट वापरलेला अँटिव्हायरस. लोक इंटरनेटवर काय बघतात याची माहिती ती कंपनी आपल्या दुसऱ्या एका कंपनीमार्फत विकत होती. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याबद्दल तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावण्याचा आदेश काढला. रात्री गुपचूप 'नवरा मारतो, काय करावं' असं शोधणाऱ्या बाईचं शोधणंही अशाच माहितीत असतं, हे ध्यानात घ्या.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लायसन्स कुणाच्या नावावर, कुणाच्या मोबाइल नंबरवर नोंदवलं आहे? काही अँटिव्हायरसमध्ये नोंदणी करणाऱ्याला दूर बसून कॉम्प्युटरची माहिती बघता येते. म्हणून कॉम्प्युटर तुम्ही वापरत असाल तर नोंदणी तुमच्या नंबरवर हवी. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. इथे तर नाव घालणं पाच मिनिटांचं काम आहे. घरात प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. मुख्य, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुम्हालाही माहीत असू दे. 'तपासू नको' ही यादी उघडायला शिका. त्यात अनोळखी नाव दिसलं, तर मघाची हकीगत आठवा.

पाचवी गोष्ट, अँटिव्हायरस काय करत नाही तेही ओळखून असा. फोनवर ओटीपी सांगितला, तर तो काही करू शकत नाही. स्क्रीनवर अचानक 'तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर तो नंबरच चोराचा असतो. आणि गटाच्या हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, तो काढून कपाटात ठेवा. कागदी वहीही बंद करू नका.

कायदा आपल्या बाजूने आहे. बाईचा इंटरनेट, ई-मेलचा वापर चोरून बघणं हा पाठलागाच्या गुन्ह्यात धरला जातो. २०१३ पासून तो भारतीय दंड संहितेत ३५४-ड म्हणून होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. त्यात 'कोणताही पुरुष' असं म्हटलं आहे, नवरा सोडून असं म्हटलेलं नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडेही जाता येतं. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. उशीर झाला की पैसे पुढे निघून जातात.

बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "आगं, पर पासवर्ड मागितला तर घरात भांडण व्हईल की. माझ्यावर इश्वास न्हाई का, म्हनंल." मावशी, तुमचं खरं आहे. माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. ज्या घरात मागता येतो, तिथे आजच मागा. 'गटाचा हिशेब आहे, गटाचा नियम आहे' असं सांगा. एकटीने मागितलं की भांडण होतं, गटाने ठरवलं की नियम होतो. ज्या घरात मागण्याचीच भीती वाटते, तिथे मागू नका. ती भीती हेच उत्तर आहे. ते घेऊन आमच्याकडे या, पण कॉम्प्युटरवर लिहून कळवू नका. बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन निघा आणि समोर बसून बोला.

शेवटी तुमच्या गटाने काय ठरवलं, ते लिहून ठेवते. पुढच्या बैठकीला त्या नऊही घरांतल्या बायांनी चार गोष्टी बघून यायच्या. कोणता अँटिव्हायरस आहे, त्याची मुदत कधीपर्यंत आहे, कुणाच्या नंबरवर नोंदला आहे, आणि मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे. पाचवी गोष्ट वहीत लिहायची नाही, फक्त मनाशी विचारायची. मी हे विचारलं तेव्हा मला भीती वाटली का?