दहा आज्ञा आणि क्षमा

बायबलमधल्या दहा आज्ञा निर्गमच्या 20व्या आणि अनुवादच्या 5व्या अध्यायात येतात. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा वसईच्या कॅथलिक घरातलं मूल चौथी म्हणून शिकतं, तर बहुतेक प्रोटेस्टंट घरांत ती पाचवी. मोजणी वेगळी, आज्ञा तीच.

पाठांतर मुलांना लवकर जमतं. क्षमा मात्र अवघड. पेत्रानं येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आलं, सात नव्हे, सत्तर गुणिले सात. मुलं लगेच 490चा हिशेब मांडतात. मांडू द्यावा. मग विचारावं, एवढं मोजत बसेल कोण?

आणि मुलावर उगाच ओरडलेल्या वडिलांनी, मला वाटतं, रात्रीच्या प्रार्थनेआधी त्याच्याजवळ बसून स्वतः माफी मागावी.