पोट लहान, घास लहान

माझ्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली. ‘स्लीव्ह’ नावाच्या या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. ऑपरेशन झालं की सुटलो, असं मला वाटलं होतं. खरं काम घरी आल्यावर सुरू झालं.

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ : डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, ताक. मग दोन-तीन आठवडे मिक्सरमधून काढलेलं वरण, दही, कुस्करलेलं पनीर. पाणी घोट घोट, पण दिवसाला किमान दीड लिटर. मी बाटलीवर तासातासाच्या खुणाच करून ठेवल्या होत्या.

महिन्याभराने भाचीचं डोहाळजेवण आलं. ‘अगं, एवढ्याशाने काय होतंय?’ म्हणत मावशींनी मसालेभात वाढला. मी भराभर चार घास खाल्ले, वर पेलाभर पाणी प्यायले. छातीत दाटून आलं आणि सगळं उलटून पडलं. पुढे चार दिवस पोटात काही ठरेना. लाजेपायी मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते चांगलेच रागावले. उलट्या चालूच राहिल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत जातं आणि मेंदूला, मज्जातंतूंना इजा होऊ शकते. म्हणून अशा वेळी घरी वाट पाहत बसू नका.

तेव्हापासून माझे नियम ठरले. ताटात प्रथिनं आधी. मला दिवसाला ६० ग्रॅम सांगितली आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. वाटीभर वरणात त्याहून बरीच कमी. त्यामुळे अंडं, पनीर, उसळ किंवा मासा आधी. भात-पोळी जागा उरली तर. प्रत्येक घास चावून चावून. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. सोड्याची पेयं बंद. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र कायमच्या. त्यात आणि रक्ततपासणीत हयगय नाही.

शेवटी एक विनंती, वाढणाऱ्या हातांना. ‘पुरे’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नका. आणि माझ्यासारख्यांनो, ‘पुरे’ म्हणायला लाजू नका. मावशी आता मला वाटीतच वाढतात, आणि मी जेवून उठेपर्यंत गप्पा मारत शेजारी बसतात.